उकिरड्यावरून विकत घेतलेला ट्रक

दगडाबाईला जुना ट्रक दाखवला की ती आधी त्याचा वास घेते. हसू नका, खरंच घेते. पदर खोचते, इंजिनातली ऑइलची पट्टी बाहेर ओढते, दोन बोटांत ऑइल चोळून नाकाशी नेते आणि मग चेहरा असा काही करते की विकणाऱ्यानं आपणहून भाव उतरवावा. जळका वास आला तर पुढं एक शब्द बोलत नाही. चपला सरळ करते आणि चालायला लागते. तिच्या मागोमाग तिचा नवरा आश्रुबाही निघतो. नट-बोल्ट, पाने, वेल्डिंग हा सगळा कारभार आश्रुबाचा. पण कुठली गाडी घ्यायची आणि कुठली सोडायची हे तिनंच ठरवायचं, असा त्यांच्या घरचा कायदाच होऊन बसलाय. तो कसा झाला त्याची ही गोष्ट.

चुडाव्याच्या स्टेशनाकडून गावात यायला लागलं की उजव्या हाताला पत्र्याचं शेड दिसतं. ते आश्रुबाचं. हा माणूस आधी ऊसतोडीला जायचा. बायकोसंगं अठरा हंगाम त्यानं ऊस तोडला, आणि तोडता तोडता कारखान्याच्या अड्ड्यावर उभ्या ट्रकांच्या खाली शिरून शिरून मेकॅनिक झाला. कोयता टाकून पाना धरला तेव्हा त्यानं गावभर सांगितलं, की आता मी मिल्ट्रीच्या गाड्या आणणार. लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. पण आश्रुबाचं म्हणणं काही खोटं नव्हतं. आपल्याकडची माती काळी, चिकट. पाऊस जरा लांबला आणि ऊस भरलेला ट्रक रानात रुतला की दोन ट्रॅक्टर लावले तरी हलत नाही, उलट ट्रॅक्टरच रुतून बसतात. लष्करानं काढून टाकलेला ट्रक मात्र चारी अंगानं जोर लावतो, पुढं तारेचा रहाट असतो, चिखलातून हत्ती ओढून काढील. असा एक ट्रक लिलावात घ्यायचा, नीट करायचा आणि हंगामभर रुतलेल्या गाड्या काढत हिंडायचं, हे त्याच्या मनानं घेतलं होतं.

मनानं घेतलं, पण डोळ्यांनी साथ दिली नाही. पहिला ट्रक तो एकटाच जाऊन घेऊन आला. टायर करकरीत, रंग ताजा. तो दीड महिना जगला. इंजिनाला आतून तडा होता, वरून लांबीच्या लगद्यानं बुजवलेला. दुसराही एकट्यानंच आणला. त्याची चेसी मधोमध तुटून जोडलेली निघाली. दोन्ही शेवटी भंगारवाल्यानं गॅसनं कापून नेले. कापताना आश्रुबा शेडच्या मागं जाऊन बसला होता. दगडाबाई त्याला चहा द्यायला गेली तर तो नुसता जमिनीवर काडीनं रेघोट्या ओढत होता.

तेव्हा ती म्हणाली, "तिसऱ्याला मी येणार."

"तुला काय कळतंय गाडीतलं?"

"तुमाला लय कळलं ते दिसलंच की दोनदा. मी येणार. माज्या पसंतीची घ्या. ती चालली न्हाई तर दसऱ्याला कोयते खाली काढू आन परमेश्वर मुकादमाच्या टोळीत गुमान जाऊ. मग गाडीचं नाव घ्यायचं न्हाई, तुमी बी आन मी बी."

शेडच्या आढ्याला दोघांचे दोन कोयते टांगलेले होते. चार वर्षं झाली होती त्यांना हात लागून. आश्रुबानं वर पाहिलं, मान हलवली, आणि पैज लागली.

आता तिला गाडीतलं काय कळत होतं म्हणाल, तर तिचा बाप सटवाजी हा बैलांचा दलाल. लहानपणी तिला खांद्यावर बसवून बाजार फिरायचा. बैलाचे दात कसे बघायचे, खूर कसा उचलायचा, झूल घातलेला बैल आधी उघडा कसा करायला लावायचा, हे ती अक्षरओळख व्हायच्या आधी शिकली. पुढं अठरा हंगाम तिनं ट्रकांच्या हौद्यात बसून प्रवास केला. कुठली गाडी चढावर दम टाकते, कुठली नुसती आवाज करते, हे तिला बसल्या जागी समजायचं. यापेक्षा जास्त शिक्षण काय लागतं?

लिलाव हल्ली मोबाइलवर होतो, पण माल बघायला जावंच लागतं. पुण्याकडच्या लष्करी डेपोत चाळीसेक ट्रक ओळीनं उभे होते, चाकांमधून बाभळी उगवलेल्या. बघायला आलेल्यांत बाई ही एकटीच. फाटकावरच्या माणसानं विचारलं, "मावशी, कुणाला भेटायचंय?"

"गाडीला," ती म्हणाली आणि आत गेली.

आश्रुबा सवयीनं एका चकचकीत ट्रकापाशी थांबला. तिनं त्याच्या दंडाला धरून त्याला पुढं ओढलं. "झूल बगू नका. टायर कुणीबी बदलतंय." ती एकेका इंजिनापाशी वाकायची आणि बोल्टांच्या डोक्यांकडं बघायची. बोल्टाच्या कडेनं रंग तुटलेला असला की समजायचं, कुणीतरी उघडून बघितलंय, आत काहीतरी झालंय. नवऱ्याच्या शेडमध्ये बसून तिनं एवढं हेरून ठेवलं होतं. पाना घेऊन तिनं चेसी पुढून मागपर्यंत ठोकत नेली, कान लावून. शेवटी ती ज्याच्यापाशी थांबली तो ट्रक बघून आश्रुबाचं तोंड कडू झालं. काच फुटलेली, आरशाच्या दांडीवर साळुंकीचं घरटं, सीटमधून काथ्या बाहेर आलेला. पण एकाही बोल्टाचा रंग तुटलेला नव्हता, चेसीचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा होता, आणि ऑइलचा वास म्हणाल तर नुसता जुन्या तेलाचा, जळका अजिबात नाही.

"हीच," दगडाबाई म्हणाली.

"आगं, हिच्याकडं बगवत बी न्हाई."

"म्या तुमाला पसंत केलं तवा तुमी लय देखणे होतात का?"

पुढच्या आठवड्यात बोली लागली आणि गाडी त्यांना सुटली. गाडी उचलायला गेले त्या दिवशी दगडाबाईनं कंबरेला पोखर्णीच्या नरसिंहाचा अंगारा बांधून नेला होता. आश्रुबाला असलं काही खपत नसे. "इंजनाला देव लागत न्हाई, डिझेल लागतंय," असं तो गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा आणि तिचा जीव खालीवर व्हायचा. म्हणून तो फाटकावर कागदांवर सह्या करायला गेला तेवढ्यात तिनं अंगाऱ्याची पुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली, भिजू नये म्हणून दोन गाठी मारल्या, वरून लाल दोरा बांधला आणि टाकीचं झाकण उघडून पुडी आत सोडली. डिझेलच्या वाटेनं देव सगळ्या गाडीभर फिरेल, असा तिचा साधा विचार. झाकण लावून, हात पदराला पुसून ती काही झालंच नाही अशी उभी राहिली, आणि घरी येईपर्यंत विसरूनही गेली.

त्यानंतरचे तीन महिने शेडमध्ये नुसता दणदणाट होता. उंदरांनी खाल्लेली वायरिंग काढली, ब्रेक नवे भरले, इंजिनाचे नोझल नांदेडला नेऊन तपासून आणले. टाकीच्या बुडाचा बोल्ट काढून आत डिझेल ओतून ओतून गाळ धुतला. सीटच्या गाद्या दगडाबाईनं स्वतः शिवल्या. मिल्ट्रीचा हिरवा रंग आपल्या गाडीला ठेवता येत नाही, तसा नियमच आहे, म्हणून रंग खरवडला आणि तिनं पिवळा निवडला, हळदीसारखा. साळुंकीचं घरटं तेवढं तिनं अलगद काढून लिंबाच्या बेचक्यात ठेवलं.

आणि गणपतीनंतर एका सकाळी आश्रुबानं चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. काय आवाज होता तो! शेडचा पत्रा थरथरला, समोरच्या हॉटेलातली माणसं कप घेऊनच रस्त्यावर आली. दगडाबाईनं तोंडावर पदर धरला, कारण तिला रडू येत होतं आणि हसूही. शेजारची सुमनबाई धावत साखर घेऊन आली. सगळ्यांच्या तळहातावर साखर पडली, आणि पाव तासानं गाडी फुस्स करून बंद पडली.

पुन्हा सुरू केली, पुन्हा पाव तास. आश्रुबानं फिल्टर बदलला. पाव तास. पंप उतरवून दाखवून आणला. पाव तास. पाइपात हवा मारली की गाडी अशी चालायची की आता काही थांबत नाही, आणि बरोबर पाव तासानं हुंदका देऊन गप्प. हॉटेलातली माणसं मोबाइलवर वेळ लावून बसू लागली. असले रिकामटेकडे लोक आपल्या गावांत कमी नाहीत. बारा दिवस हा तमाशा चालला.

परमेश्वर मुकादम येऊन गेला. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही टोळी जमवायची होती. "वैनी, गाडी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायलीय. तुमची जोडी धरू ना?"

"दसऱ्यापोतर थांबा, दादा," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

तिला थंडीची भीती वाटत होती, उसाच्या पाचटाच्या झोपडीची, त्या कोपीची, पहाटे दहिवरात ओल्या मोळ्या डोक्यावर घेण्याची. वाटणारच. पण त्याहून जास्त लागत होतं ते वेगळंच. तिची नजर खोटी ठरली होती. बापाचा शिकवलेला डोळा, अठरा हंगामांचा कान, सगळं मातीमोल. आश्रुबा एका शब्दानं बोलत नव्हता. तो बोलला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या तरी तिला बरं वाटलं असतं.

दसरा दोन दिवसांवर आला तेव्हा ती गाडीसमोर बसून एकटीच पुटपुटली, "दोन गेली. हे तिसरं." आणि बोलता बोलता चमकून उभी राहिली.

तिच्या आईची दोन लेकरं अशीच गेली होती. तिसरी ही झाली तेव्हा आजीनं तिला सुपात घातलं, उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि पाठ फिरवली. मग शेजारीण वाटेनं चालल्यासारखी आली, कुणाचं हे टाकलेलं लेकरू म्हणाली, पसाभर कोंडा देऊन तिला विकत घेतलं आणि पुन्हा आईकडं सांभाळायला दिलं. टाकलेल्या, विकलेल्या लेकराकडं सटवाईचंही लक्ष जात नाही आणि काळाचंही, अशी समजूत. नावही दगड ठेवलं, म्हणजे कुणाला हेवा नको. आणि बघा, पंचेचाळीस वर्षं झाली, दगडाबाई ठणठणीत.

गाडीलाही तसंच टाकायचं, विकायचं, असं ती म्हणाली तेव्हा आश्रुबानं हातातला पाना खाली टाकला. "आगं, मी मेकॅनिक हाय! लोखंडाला उकिरड्यावर नेऊन ठिवू? गावात तोंड दाखवायचंय का न्हाई मला?"

"बारा दिस तुमचं ऐकलं. एक दिस माजं ऐका. पाव तासात उकिरड्यापोतर जाती का न्हाई गाडी, तेवडं सांगा."

"जाती."

"मग चला."

तर अष्टमीच्या सकाळी पिवळा ट्रक धुरळा उडवत गावाच्या कडेला उकिरड्याकडं निघाला, बॉनेटवर सूप बांधलेलं, आणि मागं निम्मा गाव. उकिरडा म्हणजे मोठा ढीग. आश्रुबानं डाव्या अंगाची चाकं त्यावर चढवली, गाडी उजव्या अंगाला चांगलीच कलली, आणि लाजेनं काळानिळा होऊन तो खाली उतरला. इंजिन चालूच होतं. दगडाबाईनं गाडीकडं पाठ केली. मग सुमनबाई आली, डोक्यावर पदर, ओच्यात जवारी, चेहरा असा गंभीर की जणू तहसीलदारच.

"आता गं बया, हे कुणाचं टाकून दिलंय?"

"कुणाचं न्हाई," दगडाबाई पाठमोरीच म्हणाली. "नको झालं मनून टाकलं."

"मग मी घेऊ?"

"घे बाई."

सुमनबाईनं पसाभर जवारी तिच्या पदरात ओतली, चाकाला हळदीकुंकू लावलं आणि ट्रकाच्या पत्र्यावर थाप मारून म्हणाली, "आजपासून माजं हाय. नाव धोंड्या. दगडे, तुज्याकडं सांभाळायला दिलं बग." पोरंसोरं खिदळत होती. हॉटेलवाल्यानं मोबाइल काढला, वेळ लावली. पाव तास झाला. इंजिन चालू. अर्धा तास झाला. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. तासाभरानं सुमनबाई उकिरड्यावरच फुगडी घालत होती आणि आश्रुबा डोक्याला हात लावून आपल्या सगळ्या विद्येचा हिशेब मांडत होता.

दगडाबाईनं थाटात गाडी दारात आणवली. आणि दारात, सपाटीवर, पाव तासानं गाडी फुस्स.

आता मात्र कुणी हसलं नाही. सुमनबाईनं तोंडात बोट घातलं. दगडाबाई उंबऱ्यावर बसली, पदरातली जवारी सांडली तरी तिला शुद्ध नव्हती. ती म्हणाली, "उकिरड्यावर जगतंय आन दारात मरतंय. काय करावं वं ह्याला?"

आश्रुबा गाडीकडं वळता वळता थांबला. मग हळूच म्हणाला, "काय मनलीस? पुन्ना मन."

"उकिरड्यावर जगतंय..."

"तिथं गाडी उजवीकडं कलली हुती." तो उठला. "टाकीतला पाइप डाव्या अंगाला हाय. मंजी टाकीत कायतरी हाय. सपाटीवर ते वडलं जाऊन पाइपाच्या तोंडाला चिकटतंय, आन कललं की घरंगळून पलीकडं जातंय. इंजन बंद झालं की सुटून खाली पडतंय! आगं, इंजन चांगलं हाय, पंप चांगला हाय, सगळं चांगलं हाय!" बारा दिवसांत पहिल्यांदा तो मोठ्यानं बोलत होता.

त्यानं टाकीच्या तोंडात हात घालून बघितला, तो मनगटाच्या पुढं जाईना. दगडाबाई पुढं झाली. बांगड्या वर सारल्या, चोळीची बाही दुमडली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. डिझेलमध्ये बोटं फिरत गेली, बुडाला लागली, कोपऱ्यात गेली. तिथं काहीतरी मऊ, बुळबुळीत होतं. तिनं चाचपलं. एक गाठ. दुसरी गाठ. वर दोरा.

डेपोतली दुपार, सह्या करणारा नवरा, उघडलेलं झाकण, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर आलं. मूठ तशीच मिटून बाहेर काढावी आणि गाळ होता म्हणून सांगावं, हेही तिच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोला, आलंच. पण समोर आश्रुबा उभा होता, बारा दिवस न जेवल्यासारखा. तिनं हात बाहेर काढला आणि त्याच्यासमोर मूठ उघडली.

"काय हाय हे?"

"नरसिंहाचा अंगारा," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "म्याच टाकला हुता. गाडीला नजर लागू नये मनून."

आश्रुबानं पुडी हातात घेतली, उलटीपालटी केली. मग त्याच्या पोटातून असं काही हसू आलं की तो चाकाला टेकून खालीच बसला. "आरं देवा! मी बारा दिस पंपाला शिव्या घालायलो, आन तू टाकीत बसलावतास व्हय!" सुमनबाई हसायला लागली, दगडाबाई आधी रडली आणि मग हसली, आणि हसता हसता तिच्या एकदम ध्यानात आलं. तिनं डोळे पुसले, ताठ उभी राहिली.

"मंजी माजी नजर चुकली न्हाई!"

"न्हाई चुकली, माय, न्हाई चुकली. आता फुडं सगळ्या गाड्या तूच बगायच्या. फकस्त टाकीला हात लावायचा न्हाई." असा तो कायदा झाला.

टाकी एकदा उतरवून आतून नीट धुवायची ठरली. नवमीला ती उतरवली, धुतली, वर चढवताना तिला आवळून धरणारी लोखंडी पट्टी गंजलेली होती ती कडकन तुटली. सणाची सगळी दुकानं बंद. चांगल्या पोलादाची पट्टी आता आणायची कुठून? आश्रुबा शेडभर शोधत होता. दगडाबाई स्टुलावर चढली, आढ्याला हात घातला आणि आपला कोयता खाली काढला. पात्यावरची जाळी पदरानं पुसली, क्षणभर मूठ हातात धरली. ती मूठ तिच्या तळहाताला अजून बरोबर बसत होती.

"ह्याची करा पट्टी," ती म्हणाली.

आश्रुबानं तिच्याकडं बघितलं. मग तोही स्टुलावर चढला आणि त्यानं आपलाही कोयता खाली काढला. दोन्ही पाती त्यानं भट्टीत लाल केली, ठोकून सरळ केली, एकाला एक जोडली आणि भोकं पाडली. संध्याकाळी टाकी जागेवर बसली, आणि गाडी दोन तास चालू राहिली. नंतर डिझेल वाया जातंय म्हणून दगडाबाईनंच ती बंद करायला लावली.

दसऱ्याला धोंड्याला झेंडूचा हार घातला. अंगाऱ्याची पुडी स्टेअरिंगला बांधली, आश्रुबानंच. दुपारी परमेश्वर मुकादम आपट्याची पानं घेऊन आला. सोनं दिलं, सोनं घेतलं आणि ओट्यावर बसून म्हणाला, "मग वैनी, काय ठरलं? कोयता खाली काढला का?"

"काढला की."

परमेश्वराचा चेहरा खुलला. "कुटं हाय?"

"गाडीखाली. बगा वाकून."

परमेश्वर खरंच गुडघ्यावर बसला, मान तिरकी करून गाडीखाली बघितलं, आणि टाकीखाली घट्ट आवळलेल्या पट्टीकडं बराच वेळ बघत राहिला. पात्यांच्या जुन्या खुणा तिच्यावर अजून ओळखू येत होत्या. गुडघे झटकत तो उठला आणि हसला.

"बरं झालं. मग टोळीची गाडी रानात रुतली तर फोन करू ना तुमाला?"

"करा. पण आदी सुमनबाईला इचारा," दगडाबाई म्हणाली. "गाडी तिची हाय. आमी नुसती सांभाळतो."